अकरा घरांचे सामान

नाही, गाडीवरची ताडपत्री सोडू नको म्हणावे त्या ड्रायव्हरला. आधी आपण आत येऊन बघा, मग काय ते ठरवा. डोके सांभाळा, चौकट बुटकी आहे. हं. तर हे आपले घर, पाळकसाहेब — बाकीचे सगळे आपल्याला पास्टर म्हणतील, मी पाळक म्हणणार. आपल्या भाषेत सरळ शब्द असताना दुसऱ्याच्या दारी कशाला जायचे? — असे उंबऱ्यात थबकू नका. हे सामान आधीच्या पाळकांनी टाकून दिलेले नाही. हे वस्तीचे आहे, अकरा घरांचे. ती लोखंडी पेटी फुलसिंगची, ते जाते खेमाचे, त्या उभ्या केलेल्या बाजा किशनच्या, आणि ज्वारीची पोती ज्याने त्याने आपापल्या घरच्या लुगड्याची चिंधी बांधून ओळखीची केलेली. वस्तीत स्लॅबचे घर हे एकच. बाकी सगळी टिनाची आणि कुडाची. म्हणून दिवाळी झाली, ऊसतोडीचा ट्रक आला, की जो तो आपला संसार येथे आणून लावतो आणि किल्ली माझ्या हाती देतो. कोणी नियम केला नाही, पण रीत पडली.

कोठे म्हणजे? उसाच्या फडात. पार सांगलीकडे. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, म्हणून बायको मागे राहू शकत नाही, आणि बायको नाही म्हणून लेकरेही राहत नाहीत. गुढीपाडव्याला परततील. तोवर आपली मंडळी म्हणजे चंदाबाई आणि तिच्यासारख्या तीन-चार म्हाताऱ्या, ज्यांना ट्रकवर चढवत नाही. येताना दारोदार कुलुपे दिसली नाहीत का आपल्याला? — दिसली, पण लोक शेतात असतील असे वाटले, म्हणता. हो. आधीच्यांनाही तसेच वाटले होते.

दोष आपला नाही. आपले ते मोठे कार्यालय बदल्या करते ती दिवाळीच्या सुटीत, पाळकांच्या मुलांच्या शाळा बुडू नयेत म्हणून. उद्देश चांगला. पण दिवाळीनंतर येथे पाठवणे म्हणजे बाजार उठल्यावर शेलूबाजारला दुकान मांडणे. दरवेळी हेच. मला तेथून फोन आला होता. ते म्हणाले, कुटुंब तरुण आहे, लेकरू पाच महिन्यांचे आहे, घराची व्यवस्था बघा. मी बरे म्हटले. लोक नाहीत हे सांगता आले असते — सांगता आले असते खरे. त्यांनी विचारले नाही. असो.

मी? मी शालिग्राम. माझे घर ह्याच भिंतीला लागून. मी आपल्या मंडळीतला नव्हे. माझे देव माझ्या देवघरात आहेत आणि तेथेच राहतील. शाळा चौथीत सुटली, त्यापुढचे सारे स्वतःच्या डोळ्यांनी वाचून मिळवले आहे, आणि वाचतो ते शुद्ध वाचतो. वस्तीत वाचणारी तरुण माणसे आहेत, नाही असे नाही, पण ती ऊस तोडायला जातात. मागे उरतो तो मी. मग रविवारी चंदाबाई काठी टेकत येते, प्रार्थनाघराचे कुलूप उघडायला लावते, बाकावर बसते, बायबल माझ्यापुढे करते आणि म्हणते, "वाचा, भाऊ." मी म्हटले, बाई, हा माझा अधिकार नव्हे. तर म्हणाली, "तुमी निस्तं वाचा. आमेन मी म्हनतो." तेव्हापासून वाचतो. अक्षर सोडत नाही. पण खरे सांगू का — जो माणूस मोठ्याने वाचतो ना, त्याला ऐकू येत नाही. डोळे पुढच्या ओळीवर असतात. इतक्या वर्षांत एकदा तरी कोणी वाचावे आणि मी मागच्या बाकावर बसून नुसते ऐकावे, असे... ते राहू द्या. म्हाताऱ्या माणसाचे बोलणे लांबते.

— ऐकतो आहे, गोजराबाई! — माझी पत्नी. भिंतीपलीकडून बोलते, तिला यायची गरज पडत नाही. ऐकले का, काय म्हणते? "कायले भेवाडून राह्यले त्याइले? लेकरू उनात हाय! तुमचं आयकत बसलं त त्याले बी दाढी येईन!" अशी भाषा. पंचेचाळीस वर्षे सुधारतो आहे.

मी भिववत नाही. मी फक्त खरे ते सांगतो आहे, कारण आधीच्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांची पत्नी, नीता म्हणून, जेमतेम तुमच्या बाईंच्याच वयाची. नवरा वाड्यावस्त्यांवर हिंडायचा आणि ही दिवसभर ह्या दारात उभी. एकदा मला म्हणाली, "काका, मी इथं कुलपांशी बोलू काय?" मी तिला वाचायला एक पुस्तक दिले. पुस्तक! तिला माणूस हवे होते आणि मी पुस्तक दिले. संक्रांतीला माहेरी गेली ती परतली नाही, आणि पाठोपाठ तोही बदली मागून गेला. पाडव्याला वस्ती परतली तेव्हा पाळक नव्हता. खेमाच्या मुलाचे नाव ठेवायचे राहिले. म्हणून म्हणतो, जायचे असेल तर आताच जा. ड्रायव्हरला कारंज्याच्या रस्त्याने उजेडात परतता येईल. मी कार्यालयाला कळवीन की घर राहण्याजोगे नव्हते. खोटेही होणार नाही. बघाच हे, पाय ठेवायला जागा आहे का?

ते दार? ते आतल्या खोलीचे. तिकडेही सामानच — अहो, उघडू नका — उघडलेत. बरे.

हो, रिकामी आहे. इथली पोती माझ्या ओसरीवर आहेत. आम्ही अंगणात निजतो, थंडी अजून तशी नाही. बाहेरचे ते जाते तेवढे हलले नाही, माझी पाठ धरली. फरशी गोजराबाईने धुतली. आणि तो छताच्या कडीचा दोर... जुना कुजला होता, म्हणून नवा बांधला. पाळणा टांगायला? छे, पाळण्यासाठी असे नाही. म्हणजे, टांगता येईल. मी स्वतः लोंबकळून बघितले आहे, तुटत नाही. असे बघू नका माझ्याकडे. रिकाम्या कडीला दोर असावा, एवढेच.

कसला आवाज? ताडपत्री? मी सांगितले होते ना त्याला — कोण उतरले? बाई? आणि लेकरू? गोजराबाईकडे? अन् ती चंदाबाई तिथं काहून काठी टाकून बसली बाप्पा, त्याले मांडीवर घेऊन...

जा, पाळकसाहेब. बाहेर जा, ड्रायव्हरला हात लावा, तो एकटा आहे. जड सामान आधी आत येऊ द्या. मी? मी जरा ह्या किशनच्या बाजेवर बसतो. दमलो आहे. रविवारी आपण —

काही नाही. जा आता.