एकाच आईची पिल्लं

(स्वयंपाकघर. बाबा आणि त्यांची लेक टेबलाशी चहाला बसलेत. टेबलाखाली नात खेळतेय. टेबलावरचा चमचा खाली पडतो.)

बाबा : राहू दे, मी उचलतो. तू आधी बोल. माझ्या टाकीतली माशांची पिल्लं तपासलीस, आणि मघापासून चहा नुसता ढवळतेयस.

लेक : पिल्लं ठणठणीत आहेत, बाबा. पण सगळी सख्खी भावंडं निघाली.

बाबा : निघणारच. दर हंगामात सगळ्यांत थोराड, देखणी मादी मी स्वतः निवडायचो. पुढे तिच्याच लेकींतली.

लेक : तिथंच चुकलं. दिसायला राजबिंडी, पण आतून एका साच्यातली. एक रोग आला की सगळी एकदम जातील. नदीत हातावर मोजण्याइतके जुने मासे उरलेत, त्यांच्यात ही मिसळली तर त्यांचंही वेगळेपण जाईल.

बाबा : म्हणजे उद्या नदीत सोडायची नाहीत.

लेक : नाही.

बाबा : अख्ख्या गल्लीला बोलावलंय मी.

लेक : माहितीये. परवानगीवर सही माझी लागते. ती मी करणार नाही, हे तुम्हाला ऑफिसातून कळायला नको होतं.

बाबा : मग सोडायचं काय? तुझे कागद?

लेक : धबधब्याच्या वरचे मासे वेगळ्या कुळाचे आहेत, खालचे वेगळ्या. शेपटीच्या पराचा नखाएवढा तुकडा तपासला की कळतं. वरच्यांची पिल्लं वर सोडायची, खालच्यांची खाली. आणि एका मादीची अंडी चार वाट्यांत, दर वाटीला वेगळ्या नराचं बीज.

बाबा : चार वाट्या! संसारच मांडला की. आणि अंडी काढणार कोण, तुझं मशीन?

लेक : मशीनला कुठलं जमतंय. मादीला ओरखडाही न येता अंडी काढणारा हात मी एकच पाहिलाय. लहानपणी रोज बघायचे.

बाबा : लोणी लावू नकोस... ही चूक दुसऱ्या कुणी पकडली असती?

लेक : कधी ना कधी.

बाबा : म्हणजे नाही. माझ्या पोरीनं पकडली. बापाची होती तरी सोडली नाही. उद्या गल्लीला हेच सांगतो. येऊ देत सगळे.

लेक : बाबा, मान वर करा ना. रडताय?

बाबा : चमचा शोधतोय.

नात : चमचा माझ्याकडे आहे, आजोबा. आई, ती पिल्लं आता टाकीतच राहणार?

लेक : हो, राणी. आजोबा सांभाळतील त्यांना.

नात : मग त्यांची नदी कुठली?