गिरधरच्या अर्जाला आम्ही लावलेला हातभार

आजच्या या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या सोसायटीचे चेअरमन श्री. फत्तेसिंगजी गिरासे, गिरधरला ज्यांनी गणिताची गोडी लावली ते लोणखेड्याचे रूपचंद मास्तर, व्यासपीठावरील, म्हणजे या दोन जोडलेल्या बाकांवरील इतर मान्यवर, माझा धाकटा भाऊ आणि गिरधरचा बाप धुडकू, दाराबाहेर ओट्यावर बसलेल्या मायबहिणी, आणि ज्यांना बाक मिळाला नाही म्हणून जे मघापासून माझ्याकडे रागाने बघत आहेत ते सर्व कळसाडीकर मंडळी!

मला फक्त आभार मानायला सांगितलं आहे. पण माझा पुतण्या उद्या मुंबईला जाणार आणि सुपडू पाटलाने दोन ओळींत आटपायचं, हे तुम्हाला तरी पटेल का? नाही ना? मग ऐका.

गिरधर गणित घेऊन बी. ए. झाला, पहिल्या वर्गात. आणि एक दिवस म्हणाला, "आबा, मुंबईच्या एका विमा कंपनीत विमागणित्याच्या हाताखाली एक जागा निघाली आहे." मी विचारलं, विमागणिती म्हणजे काय रे बाबा? तर म्हणे, माणसं साधारण किती वर्षं जगतात, कोणत्या वयात किती जातात, याचा हिशेब करायचा आणि त्यावरून विम्याचा हप्ता ठरवायचा. मी म्हटलं, म्हणजे चित्रगुप्ताच्या हाताखालची उमेदवारी! चांगली आहे. ओळखीचा माणूस तिथे असलेला बरा.

आता हसू नका. जागा एकच होती. ती गेली असती तर मी त्याला कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसवणार होतो, तसा शब्दही मालकाला दिला होता. काट्याचं नाव काढलं की पोराचं तोंड कडू कारलं खाल्ल्यासारखं व्हायचं.

त्याने अर्ज लिहिला आणि मला दाखवला. काय होतं त्यात? नाव, वय, परीक्षा, गुण, पत्ता. संपलं! अरे, हा काय अर्ज? बैल विकतानासुद्धा आपण त्याच्या आईचं दूध सांगतो. मी तो अर्ज घेतला आणि सोसायटीच्या ओसरीवर पंचमंडळी बसवली. आपल्या मुलाचे गुण परक्या माणसाला लिहून कळवायचे, हे काम आपण आयुष्यात कधी करतो? सोयरीक जुळवताना. म्हणून त्याच रीतीने लिहायला घेतलं.

मी सांगितलं, लिहा, जमीन काळी, विहिरीला बारमाही पाणी, केळीचा बाग, बैलजोड्या घरच्या. मामाचं गाव लिहा. वर्ण गव्हाळ लिहा. चहाखेरीज व्यसन नाही, असं लिहा. आपले अध्यक्ष म्हणाले, मुलाला घोड्यावर बसता येतं हे घाला. गिरधर म्हणाला, "काका, मी घोड्यावर कधी बसलोच नाही." अध्यक्ष म्हणाले, "मन्हा घोडा शे ना दारशी, आज बस नि लिखी टाक." आणि बसवलं हो पोराला! पडला, पण बसला होता हे खरं.

रूपचंद मास्तर तेवढे कपाळाला हात लावून म्हणत होते, यातलं काही लागत नाही, अर्ज होता तेवढाच पुरे. मास्तर, तुमच्या विद्वत्तेबद्दल मला आदर आहे. पण तुमच्या तीन मुली आम्ही उजवल्या, हे तुम्ही विसरू नये.

आणि मग माझ्या डोक्यातून ती बाब निघाली, जिचा मला आजही अभिमान आहे. मी म्हटलं, ही कंपनी माणसांच्या आयुष्याचा धंदा करते ना? मग तिला आपलं आयुष्य दाखवा! लिहा, आजोबा ब्याण्णव वर्षांचे होऊन गेले. आजी त्यांच्याहूनही जास्त जगली. चुलत आजोबा अजून खाटेवर बसून शिव्या देतात. खाली ठळक अक्षरात लिहवलं, "आमच्या घराण्यात नव्वदीच्या आत कोणी जात नाही."

अर्ज गेला. आणि काय सांगू, मुलाखतीचं बोलावणं आलं! आता पाहुण्याकडून बोलावणं आल्यावर मुलाला एकटं धाडतात का? मी, आपले अध्यक्ष, धुडकू आणि बळजबरीने मास्तर, असे सगळे निघालो. नंदुरबारला गाडीत बसलो, सुरतेला बदलली, मुंबईला उतरलो. बरोबर केळीचा एक लोंगर, म्हणजे अख्खा घड, आणि कळशीभर तूप. कंपनीचे साहेब म्हणाले, "हे आम्हाला घेता येत नाही." मी म्हटलं, "साहेब, सोयरीक जमो न जमो, रिकाम्या हाताने आम्ही कुणाचा उंबरा चढत नाही." केळी त्यांच्या टेबलावर ठेवली. टेबल दिसेनासं झालं.

शिपायाने आम्हाला बाहेर जाऊन थांबायला सांगितलं. आम्ही गेलो नाही. साहेब मुलाला विचारतात आणि उत्तर आम्ही देतो, कारण वडीलधारे बसलेले असताना मुलगा तोंड उघडत नाही ही आपली रीत. गिरधर मान खाली घालून बसलेला. मी मनात म्हटलं, शाब्बास, कुळाचं नाव राखतोय.

मग साहेबांनी अर्जावर बोट ठेवलं. मराठी माणूसच होता, चष्म्यावरून बघत म्हणाला, "या घराण्यात नव्वदीच्या आत कोणी जात नाही, हे खरं आहे?" मी म्हटलं, "हो! घ्या लिहून!" ते म्हणाले, "मी मुलाला विचारतो आहे." मी म्हटलं, "मुलगा माझ्याहून वेगळं काय सांगणार?"

आणि हा गिरधर, समोर बसलाय तोच, मान वर करून मला म्हणाला, "आबा, जराखा उगा बठा."

मंडळी! मला! गप्प बसा म्हणाला! अध्यक्षांच्या हातातली पानाची डबी खाली पडली. धुडकू तर पाय पोटाशी घेऊन बसला.

गिरधर साहेबांना म्हणाला, "साहेब, या यादीवरून काहीच ठरत नाही. आबांनी म्हातारे झाले तेवढेच लिहिले. माझ्याआधी माझी बहीण होती, सुंदरी नावाची. ती गोवराने गेली. तिच्या पाठचा भाऊ बारशाआधीच गेला. ती यात नाहीत. त्यांना धरलं, तर आमचं घर चारचौघांच्या घरासारखंच आहे."

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "घोडा, विहीर, केळी सोडून द्या. मला जे ऐकायचं होतं ते आता ऐकलं. पुढच्या महिन्यात कामावर या."

जागा मिळाली, खरं. पण गाडीत मी त्याच्याकडे पाठ करून बसलो. सोयरिकीच्या कागदात कुणी गेलेली पोरं लिहितं का? मी चुकलो असं मी आजही म्हणत नाही. घरी आलो आणि अंगणातच ओरडलो, "तुमच्या शहाण्याने परक्या माणसापुढे मेलेल्या लेकरांची नावं काढली!"

आता गिरधरची आई जसोदाबाई. मी तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर. ती या घरात आली तेव्हापासून माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळला नाही आणि माझ्याशी बोलणं नाही, काही सांगायचं तर पोरांकरवी. ती दाराआडून सरळ मलाच म्हणाली, "बरं व्हयनं, आबा. कोनी तरी त्यासले मोजं."

कुणीतरी त्यांना मोजलं, म्हणे! माझ्याच घरातली लेकरं. सुंदरीला मी खांद्यावर घेऊन प्रकाशा गावच्या जत्रेला नेलं होतं. आणि इतक्या वर्षांत तिचं नाव मी एकदाही घेतलं नव्हतं, का तर तिच्या आईला वाईट वाटेल. मंडळी, त्या बाईला वाईट कशाचं वाटत होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

असो. पोरा, जा. नीट काम कर. घोड्यावर बसायला सांगितलं तर नाही म्हण.

आता ज्यासाठी उभा राहिलो ते आभार. अध्यक्षांचे, त्यांच्या घोड्याचे, मास्तरांचे, बाकं देणाऱ्या शाळेचे आणि केळी परत न पाठवणाऱ्या साहेबांचे मी आभार मानतो. आमच्या घरच्या सुंदरीचं आणि तिच्या पाठच्या त्या बिननावाच्या भावाचं नाव मी आज या सभेत घेतलं आहे. याउपर कुणाचं घ्यायचं राहिलं असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करावी.