लाल काड्यांचा चष्मा

– नाही नाही, तो करडा ठेवा बाजूला. ठेवा हो भाऊ. मुलाने फोटो पाठवलाय, 'आईसाठी हाच', दिसला मला – पण नाक माझं आहे ना? कान माझे, डोळे माझे, मग पसंती त्याची कशाला? तो लाल द्या. तो नव्हे, तो बिचारा भीत भीत लाल झालाय – त्याच्या शेजारचा, डाळिंबाच्या दाण्यासारखा. हां, हाच.

आरसा जरा वर करा. काय म्हणालात? वयाला? वयाला काय झालंय माझ्या? रोज माझ्याबरोबर उठतं, गुडघे धरून जिना चढतं, त्याचीही जरा हौस होऊ द्या की! हसा, हसा. भिंतभर चष्मे लावलेत, आणि मी आले की पुढे काय काढता – करडा, राखाडी, धुरकट. एकाच ढगाची तीन नावं!

घरी तेच. शाल करडी, पर्स करडी, परवा सुनेने चहाचा कप आणला – तोही करडा. 'आईंना साधंच आवडतं.' प्रेमानेच आणतात हो लेकरं, मन मोडवत नाही. पण आवडतं कुठे? मी लाल सोडलं होतं. सोडलं म्हणजे – हे तेव्हा दवाखान्यात होते, डॉक्टर यायचे नि काही न बोलता जायचे, आणि मी देवाला म्हटलं, हे पायांनी चालत घरी येईपर्यंत माझं सगळ्यात आवडतं ते तुझ्यापाशी राहू दे. दुसरं काय होतं माझ्याजवळ द्यायला? आणि बोललेला नवस सांगायचा नसतो, म्हणून मी गप्प. सगळ्यांना वाटलं, हिची आवडच बदलली.

आले की हे घरी! ठणठणीत. मी हौसेने कपाटातली लाल शाल काढून खांद्यावर घेतली, बाहेर येते तर हे पाहुण्यांना सांगतायत, 'आमच्या हिला भडक काही चालत नाही, फार साधी' – इतक्या कौतुकाने, इतक्या कौतुकाने की मी दारातूनच मागे फिरले. घडी करून ठेवली शाल. देवाने केव्हाच मोकळं केलं हो मला, पण ह्यांच्या कौतुकातून सुटायचं कसं? तो तर वर बसून म्हणत असेल, बाई, तुझं ठेवलेलं घेऊन जा, मला कशाला सांभाळायला लावतेस? – आणि हे मी तुम्हाला का सांगत बसलेय? ह्यांनासुद्धा ठाऊक नाही.

काय? काच एकदा कापून बसवली की फ्रेम बदलून मिळत नाही? मग तर फारच छान. नाहीतर घरी सगळे गोड बोलतील, आणि मी येईनसुद्धा बदलायला – माझं मला माहीत आहे.

थांबा. हे आले. बाहेर बाकावर बसा म्हटलं होतं – अहो, या, या आत. बघा. हो, लालच आहे. पाहिला मी फोटो, पाहिला. भडक नाही हो, लाल आहे. मला आवडतो. – आज नाही, पहिल्यापासून. असे काय बघताय? तुम्हाला विचारत नाहीये मी, दाखवतेय. बसा तिथे खुर्चीवर, दम लागला असेल.

आणि भाऊ, तुम्ही काय ऐकत उभे राहिलात? काच कापायला घ्या.