भर समुद्रात पाणी नाही

हसू नका बाप्पा, पण आमच्या मामानं समुद्र नापास केला हाये.

आम्ही घाटंजीहून कोकणात गेलतो, समुद्रातला किल्ला पाहाले. संगं बाबा अन् मामा. मामा पाणी पाहणारे. तळहातावर नारळ आडवा ठेवून वावरात फिरतेत; नारळ उभा झाला की तिथं बोअर. घरी परतलो की आमच्याच नव्या बोअरची जागा त्यायच्याकडून पाहून घ्यायची होती.

होडीत बसल्यापासून मामा हेच सांगून राह्यले होते. शेवटी होडीवाला म्हणाला, "मामा, मग हय बघा की पाणी!"

मामानं पिशवीतला देवीचा नारळ काढून हातावर ठेवला. नारळ हाललाच नाही. सारी होडी पाहून राह्यली. मामानं ठासून सांगितलं, "इथं पाणी नाही."

"पाणी नाय? मग होडी कशावर चालता?"

"पेऊन दाखव," मामा म्हणे. "पेता येत नाही त्याले आमच्याकडं पाणी म्हणत नाहीत."

मी हळूच म्हटलं, "बाबा, बोअरसाठी दुसरा माणूस पाहू."

बाबा माझ्यावरच खेकसले, "काहून? एवढ्या समुद्राले तोंडावर नाही म्हणणारा माणूस आपल्याशी खोटं बोलन का?"