तिसरी पट्टी

ऑनोरीन : तो मिठाईचा डबा तिकडे बांधावर ठेवा, आणि आधी पाय उचला. जाईच्या बुंध्यावर उभे आहात तुम्ही.

तेओफिल : माफ करा, मादाम. लक्षात नाही आलं. मी ओदिलशी दोन शब्द बोलायला आलोय.

ऑनोरीन : ते कळलं हो. अख्ख्या ग्रास गावातला नावाजलेला अत्तरकार सकाळी सकाळी चकचकीत बूट घालून माझ्या शेतात येतो, तो काय फुलं तोडायला? ओदिल, तुझे मोस्यू तेओफिल आलेत गं.

ओदिल : पाहिलं, मावशी. बोंजूर, मोस्यू. माझे हात चालू राहिले तर चालेल ना? ऊन चढलं की फुलांत काही राहत नाही.

तेओफिल : चालू दे, चालू दे. तू... तू बरी आहेस ना?

ऑनोरीन : बरी आहे की! कमरेला टोपली बांधून फुलं तोडतेय. तुम्हीच सांगितलं होतंत ना तिला तसं?

ओदिल : मावशी, असू दे ना.

ऑनोरीन : का असू दे? तू मला काही सांगितलं नाहीस, घरी येऊन नुसती भिंतीकडे तोंड करून झोपलीस. पण गावात काही लपतं का? बेकरीतल्या बाईनं मला पावाबरोबर सगळं बांधून दिलं. अत्तराच्या कारखान्यात, मालकिणीसमोर, साऱ्या कचेरीसमोर हे गृहस्थ म्हणाले, ही शेतातली मुलगी आहे, हिला शेतातच फुलं तोडायला पाठवा. म्हणालात की नाही?

तेओफिल : म्हणालो.

ऑनोरीन : आणि वर मालकिणीला सांगितलंत, एक तर ही राहील नाहीतर मी.

तेओफिल : तेही म्हणालो. त्याचीच लाज घेऊन आलोय, मादाम. मला बोलू द्या, नाहीतर धीर जाईल माझा.

ऑनोरीन : बोला. मी काय तोंड धरलंय तुमचं?

तेओफिल : ओदिल, त्या दिवशी टेबलावर अत्तरात बुडवलेल्या कागदाच्या तीन पट्ट्या होत्या. नाव नाही, खूण नाही. पहिली मला बेताची वाटली, दुसरी मी डोक्यावर घेऊन नाचलो, आणि तिसरी नाकाला लावली न लावली तोच टेबलावर फेकून दिली. म्हणालो, यात जाई आहे पण तिच्यात जीव नाही, हॉटेलच्या दारात फवारतात तसला वास आहे हा. तुझ्याकडे बघून म्हणालो.

ओदिल : आठवतं मला.

तेओफिल : ती तुझीच, असं मी का धरून चाललो कोण जाणे. जाईच्या शेतातली पोर, म्हणून जाईचं खापर तुझ्यावर. कुठली पट्टी कुणाची ते सांगणारी पाकिटं उघडायच्या आधी मी तरातरा बाहेर पडलो. जाताना ती पट्टी कशी कोण जाणे कोटाच्या खिशात गेली. रविवारी चर्चला निघताना तोच कोट अंगावर चढवला आणि...

ओदिल : मोस्यू, राहू द्या ना आता ते.

तेओफिल : नाही, ऐक. वरचा सगळा वास उडून गेला होता. खालचा तेवढा राहिला होता. मेणाचा वास. ल्युसेतच्या पोळ्यांतल्या मेणाचा.

ऑनोरीन : तुमच्या बायकोच्या? ती मधमाश्या पाळायची, ती?

तेओफिल : हो, मादाम. तिच्यासाठी बनवलेला सुवास होता तो. माझं नाव झालं ते त्याच्यावर. हल्ली कारखान्यात त्यातली जाई बदलली, स्वस्तातली घालतात, म्हणून वरचा वास मला परका वाटला. पण तळ तोच होता. चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहून मी ती पट्टी हुंगत होतो आणि लोकांना वाटलं मला भोवळ आली. मी माझ्याच हातचं काम साऱ्यांसमोर फेकलं होतं, ओदिल. बायकोच्या नावानं केलेलं.

ऑनोरीन : पण तुमचा जुना सुवास तिथं आला कुठून? तुम्ही तर नवे तपासायला बसला होतात.

तेओफिल : पद्धत आहे आमच्याकडे. नव्या पट्ट्यांत गुपचूप एखादी जुनी, बाजारात चाललेली घालायची. तपासणाऱ्याचं नाक जागेवर आहे का ते कळावं म्हणून.

ऑनोरीन : ही अक्कल कुणाची?

तेओफिल : माझी. मीच सुरू केली.

ऑनोरीन : अरे देवा.

तेओफिल : ओदिल, मग तुझी पट्टी कुठली होती?

ओदिल : दुसरी.

तेओफिल : मी जिची वाखाणणी केली, ती?

ओदिल : हो.

तेओफिल : मी म्हणालो होतो, हे कुणातरी मुरलेल्या माणसाचं काम आहे, ओदिलनं यातून शिकावं.

ओदिल : ते ऐकून मला बरं वाटलं होतं, खरंच. बाकी सगळं सोडा, पण तेवढं मी घरी घेऊन आले.

तेओफिल : तू तेव्हाच का नाही बोललीस? निदान एवढं तरी म्हणायचंस, मोस्यू, तिसरी माझी नाही.

ओदिल : मग तुम्ही विचारलं असतंत, कुणाची.

तेओफिल : म्हणजे? तुला माहीत होतं?

ऑनोरीन : टोपली सोड आता तेवढी, पोरी. सांगून टाक त्यांना.

ओदिल : हातात घेतल्याबरोबर ओळखलं मी. तुमच्याकडे पहिल्यांदा शिकायला आले तेव्हा तुम्ही हाच सुवास हुंगायला दिला होता. म्हणाला होतात, घाई करू नकोस, पट्टी वाळू दे, तळ लागला की मग बोल.

तेओफिल : आणि मीच थांबलो नाही.

ओदिल : पॅरिसहून मोठे साहेब आले होते ना त्या दिवशी. तुमच्या वयावरून त्यांचं आधीच चाललं होतं. त्यांच्यासमोर कुणी ते उघड बोललं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी तुम्हाला घरी बसवलं असतं. मला काय, मला कुठंही काम मिळेल असं वाटलं.

ऑनोरीन : मिळेल! आणि आज दुपारी तुझी जागा त्या लिऑन शहरातून आलेल्या पोराला देतायत. बेकरीवाली तेही म्हणाली.

तेओफिल : देणार नाहीत. मी आत्ता फोन करतो मालकिणीला, मादाम देल्मासना. सगळ्यांना बोलावून घ्या म्हणतो, येऊन उभा राहतो त्यांच्यासमोर आणि स्वतःच्या तोंडानं सांगतो. त्या दिवशी मी तुला झापत होतो तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. किती लाजल्यासारखं झालं असेल त्यांना तुझ्यासाठी! ते आधी निस्तरायला हवं.

ओदिल : फोन नका करू, मोस्यू.

तेओफिल : का नको? तुझ्या मोठेपणामागे किती दिवस लपू मी?

ओदिल : मोठेपणा वगैरे नाही हो. मी परत येते, तुम्ही नुसतं सांगा की तुमचा राग गेला. बाकी काही सांगू नका. माझं ऐका एवढं.

तेओफिल : नाही, बाळ. आजवर कुणाची माफी मागितली नाही, आता तरी नीट मागू दे.

(तेओफिल फोन लावतो.)

तेओफिल : मादाम देल्मास? तेओफिल बोलतोय. ओदिलची जागा कुणाला देऊ नका. चूक तिची नव्हती, माझी होती. ती तिसरी पट्टी... हो, तीच. ती माझी होती, मादाम. माझ्या ल्युसेतची... काय म्हणालात? तुम्हाला... अच्छा. अच्छा. तुम्हीच घातली होतीत, बरोबर, तुम्हाला माहीत असणारच. पण बाकीच्यांना... कधी? मी हातात धरली तेव्हाच?... सगळ्यांना?... पॅरिसच्या साहेबांनासुद्धा?... नाही, नाही, माझी दया आली म्हणून गप्प बसलात, ते कळतंय मला. उपकार झाले. पण पोरीला का जाऊ दिलंत?... हो. हो, मीच म्हणालो होतो, ती किंवा मी. ...येईल ती. उद्या येईल. मी? माझं मी कळवतो.

ऑनोरीन : काय झालं?

तेओफिल : जागा तिचीच आहे.

ऑनोरीन : मग चेहरा असा का?

तेओफिल : माना खाली घातल्या होत्या त्या माझ्यासाठी, मादाम. तुला हेही माहीत होतं ना, ओदिल? म्हणून फोन नको म्हणत होतीस.

ओदिल : हो.

तेओफिल : मी तिथं हातवारे करून बोलत होतो. चांगला बराच वेळ बोलत होतो. आणि सगळे...

ओदिल : टोपी घाला, मोस्यू. ऊन लागेल.

तेओफिल : मला दुसरी कुठली वाट आहे का इथून? चौकातून नको वाटतं आता. कारखान्याचे लोक भेटतात तिथं.

ऑनोरीन : खालून आहे की पायवाट. पण तिथं आमच्या बाया फुलं तोडतायत.

तेओफिल : त्यांना यातलं काही माहीत नसेल ना?

ऑनोरीन : पट्टीचं नाही. फुलं तोडायला पाठवा असं तुम्ही म्हणालात, तेवढं माहीत आहे.

तेओफिल : मग थोडा वेळ इथंच बसू का मी?

ऑनोरीन : बसा. त्या ओळीत नको, तिथली फुलं काढायचीत अजून. इकडे या, तिच्या शेजारी.