कबऱ्यानं विमान पाडलं म्हणे

...अन् नाव कोणाचं आलं? माझ्या बैलाचं. म्हणे साखऱ्याच्या ग्यानबाच्या कबऱ्यानं विमान पाडलं! तुमाला सांगतो, देवाशप्पथ, माझा कबऱ्या खळ्याच्या भायेर गेला न्हाई. तोंडाला मुसकी बांधून, जोडीदारासंगं गुमान ज्वारी तुडवून राहिला होता.

आता ते विमान आमच्या माळावर काहून उतरलं? मशीन बिघडली म्हणे. एवढुसं विमान, दोन माणसं बसतील न बसतील. तिकडं आमची पार्वती उपणून राहिली, भुसा सरळ उगवतीकडं चाललेला, आंधळ्यालाबी वारा कळावा... अन् हा विमान चालवणारा गडी वारा पाठीवर घेऊन खाली आला. अहो, कावळाबी बसताना वाऱ्याकडं तोंड करतो. ते चाक टेकलं ते थांबंचना, पळतंय, पळतंय, समदा माळ सरला अन् माझ्या कडब्याच्या गंजीत नाक खुपसलं. अन् कबऱ्या? खळ्याच्या भायेर गेला न्हाई.

आमी वढून काढला त्याला. पंचविशीचा असंल, हात मोडलेला. पार्वतीनं पाणी पाजलं तर म्हणतो कसा, "चाचा, भुसा दिसला होता मला. एक चक्कर मारून उलट्या अंगानं यायचं होतं... घाबरलो. आता मला परत विमानात बसू देणार न्हाईत." अन् हमसून रडला.

दुसऱ्या दिशी चौकशीचा साहेब आला. "ग्यानबा, सच बोलो. हा म्हणतो कबरा बैल आडवा आला. आला का?" म्या पोराकडं पाहिलं, तो खाली पाहून राहिला. आता काय बोलावं? म्याबी त्याच्या वयात भरली गाडी वढ्यात घातली होती, अन् बापाला काय सांगितलं? बैल बुजला. कोणता गाडीवान सोताचं नाव घेतो, सांगा ना. म्हणलं, "व्हय साहेब, आला आडवा."

साहेबानं हुकूम लिवला, माळावर जनावर सोडायचं न्हाई. वाऱ्याचं कुठंच लिवलं न्हाई बरं का. उद्या दुसरं लेकरू तसंच उतरंल, ते मला अजून खातंय.

अन् कबऱ्या, जो खळ्याच्या भायेर गेला न्हाई, तो आठ दिस कोंडवाड्यात. इकडं ज्वारी पसरलेली, आभाळ भरून आलेलं... मग काय, त्याच्या दाव्यात मान घालून जोडीदारासंगं म्या फिरलो. मागून पार्वती हाकून राहिली. खोटं म्याच बोललो होतो, तवा निम्मी सजा तरी बराबर माणसाला भेटली.