एका सेकंदाची दोनशे चाळीस चित्रं

— छे छे, उठू नका हो पंचसाहेब, एवढं एकदा बघा, मग खुशाल जा! लॅपटॉप तुमच्याकडेच वळवतो. ही निळ्या बनियनची आमची भाची, आणि ही लालवाली, जिला कालच्या शर्यतीत तुम्ही पहिली दिलीत — राग नाही हं, माणसाचा डोळा तो, चुकायचाच! — आणि ही शेवटची रेषा. आता हळूच सोडतो... हळू... आला! भाचीचा खांदा आधी! दिसला ना? परत दाखवू? दाखवतोच. बोटभर पुढे आहे पोरगी, बोटभर! मी तर खुर्चीतून असा उडालो की बायको धावत आली, म्हणाली, शॉक बसला की काय!

कॅमेरा? कॅमेरा कसला, हा माझा फोन. साधाच, सेकंदाला तीस चित्रं. — मग ही दोनशे चाळीस कुठून आली? वा, आता कसं बोललात! अहो, बावीस वर्षं लग्नाचे व्हिडिओ एडिट करतोय मी. दोन चित्रांच्या मधली सात कॉम्प्युटर स्वतः तयार करतो. आधी नुसतं प्लेअरमध्ये बघितलं, तो चालता चालताच मधली चित्रं भरतो — स्क्रीनवर काय सुरेख, लोणी! पण ते तेवढ्यापुरतंच, फाइल उघडावी तर आपली जुनीच. तुम्हाला दाखवणार काय, कपाळ? मग बसलो, चित्रन् चित्र नव्याने काढून फाइलमध्ये उतरवलं. शेवटच्या चार सेकंदांना अख्खी सकाळ! मशीन तापून लाल, मी वर्तमानपत्राने वारा घालतोय —

तयार करतो म्हणजे? म्हणजे अंदाजाने हो. हात इथे होता, पुढच्या चित्रात तिथे गेला, तर मधे कुठे असेल? इथेच ना! — खरी किती? रेषेजवळ खरी... दोन. एकात दोघी अलीकडे, दुसऱ्यात दोघी पलीकडे. मधलं — हो, मधलं कॉम्प्युटरचं. पण हुशार असतो हो! म्हणजे सगळेच नसतात, पहिल्या सॉफ्टवेअरने तर लालवालीच पुढे काढली होती, गाढव लेकाचं, म्हणून तर मी दुसरं —

हसा. हसा, मलाही येतंय. स्वतःच्या तोंडाने सांगून बसलो, तुमच्या तोंडाला कुलूप नाही असं बायको म्हणते ते खोटं नाही. पण साहेब, पुढच्या स्पर्धेला एकच जाणार ना, पहिली आलेली? दोन वर्षं पहाटे उठून धावतेय हो पोर, तिच्यामागे सायकलवर मी. मामाने एवढंही करू नये?

नको, तिला आत बोलावू नका. बाहेर बाकावर बसलीय. तिलाच तर आधी दाखवला हा व्हिडिओ. म्हटलं नाचेल, घर डोक्यावर घेईल. तिने दोनदा बघितला. मग म्हणाली, "मामा, रेषेवर मला तिची पाठ दिसली होती."

— द्या तो लॅपटॉप इकडे. निघतो मी.